शस्त्रपूजेच्या दिवशी दारात

अमेरिकन म्हणजे बंदूक, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की इथे न्यूझीलंडमध्ये, रोटोटुनात शेजारी अमेरिकन कुटुंब राहायला आलं तेव्हा मी लेकीला बजावलं, "त्यांच्या मुलीला आपल्याकडे बोलाव हवं तर. तू तिकडे पाऊल टाकायचं नाहीस." लेकीची वर्गातली एकुलती एक मैत्रीण ती. लेक रडली, "दॅट्स सो मीन, आई!" म्हणाली. मी कसली ऐकतेय!

खंडेनवमीला ती मैत्रीण पहिल्यांदा आमच्याकडे खेळायला आली. तिला सोडायला आलेली आई दारातच थांबली. म्हणाली, "राग मानू नका, पण घरात बंदूक आहे का? मुलीला कुठेही सोडताना मी हे विचारतेच."

माझं डोकंच फिरलं. मला विचारतेय! मी ताडकन म्हणाले, "आम्ही पुण्याची माणसं. बंदुका तुम्हा अमेरिकनांच्या घरात!"

ती माझ्या मागे बघत राहिली. मीही वळले. हॉलमध्ये पाटावर लॅपटॉप, पाना, विळी आणि मधोमध नवऱ्याची रायफल, हळदकुंकू लावलेली. सशांच्या शिकारीसाठी इथे आल्यावर त्याने हौसेने लायसन्स काढलं होतं. एरवी ती गॅरेजमध्ये कुलपात असते. पूजेसाठी बाहेर काढून साहेब आत सोवळं नेसायला गेले होते. तिला झेंडूचा हार तर मीच घातला होता! खरं सांगते, मला तिथे बंदूक दिसलीच नव्हती, फक्त पूजा दिसली होती.

"रिकामी आहे," मी पुटपुटले. मान वर होईना.

"आमच्याकडे कधीच नव्हती," ती म्हणाली. "माझ्या वडिलांकडे नाही, आजोबांकडेही नाही. आम्हीही अमेरिकनच." आवाज जरासुद्धा चढला नाही. भांडली असती तर परवडलं असतं, मीही चार शब्द सुनावले असते.

मग मुलीचा हात धरून ती म्हणाली, "दोघी आमच्याकडे खेळू देत. तुमची लेक कधीही येऊ शकते."

लेकीने पायात जांडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, चढवल्यासुद्धा. "कॅन आय, आई?" मी नुसती होकारार्थी मान हलवली आणि घाईघाईने दार लोटलं. पण खिडकी उघडी होती, त्यामुळे फाटकापाशी पोचलेल्या लेकीचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"आय ॲम सॉरी अबाउट माय मम," ती त्या बाईला सांगत होती.