दत्ताच्या ट्रेला हात लावू नका

जो फोटो तुम्ही सगळे श्रद्धांजली म्हणून टाकताय, त्यात दत्ताच्या दोन वर्षांच्या कामाची माती होतेय.

नीट बघा. दत्ताच्या खांद्यावर शाल आहे, हातात नारळ. आणि पाहुण्यांच्या हातात पांढऱ्या जाळीचे बोराएवढे तुकडे.

ते तुकडे म्हणजे हाडासाठीचा आधार होता. दत्ताने बनवलेला.

दत्ता परवा गेला. हार्ट अटॅक.

आम्ही जळकोट तालुक्यातल्या एकाच शाळेचे. पुढे नांदेडला एकाच कॉलेजात नोकरीला लागलो. तो केमिस्ट्रीत, मी लायब्ररीत.

त्याच्या थोरल्या भावाचा पाय मोडला, तेव्हा डॉक्टरांनी कमरेचं हाड काढून पायात भरलं. पाय जुळला, पण कंबर कायमची ठणकत राहिली. दत्ताच्या डोक्यातून ते कधी गेलं नाही.

म्हणून हे काम. विरघळणाऱ्या प्लास्टिकची जाळी प्रिंटरवर छापायची, मोडलेल्या जागी बसवायची. तिच्या आधाराने हाड वाढतं, जाळी हळूहळू विरघळून जाते.

पण ते प्लास्टिक गुळगुळीत. शरीरातल्या पेशी त्याला धरतच नाहीत.

"मग करतोस काय?" मी विचारलं होतं.

"आरं, तुझ्या बापानं टाचे मारल्याबिगर कधी भिंतीला गिलावा केला का? तसंच हाय."

माझे वडील गवंडी. गिलावा धरावा म्हणून भिंत आधी ठोकून खरबरीत करतात, ते मला लगेच कळलं.

आधी जाळी सौम्य कॉस्टिक सोड्यात भिजवून खरबरीत करायची. मग शरीरातल्यासारखे क्षार असलेल्या पाण्यात ठेवायची, आणि ते पाणी रोज बदलायचं. हाडात असतो तोच चुन्यासारखा थर तिच्यावर बसतो.

त्याला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल लागलं की संपलं.

ती बॅच सशांवरच्या चाचणीला जाणार होती. फार वाट पाहून नंबर लागला होता. नेमकी त्याच आठवड्यात कॉलेज तपासायला समिती आली.

प्राचार्य म्हणाले, "ट्रे हॉलमधी आणा."

"सर, लांबून दाखवतो. हात लावू नका म्हणून सांगा त्यांना."

"पाहुण्यांना असं म्हणतेत का सर?"

दत्ताच्या हातातला ट्रे काढून नारळ दिला. पेढा खाल्लेल्या हातांनी एकेक तुकडा या हातातून त्या हातात गेला, प्रसादासारखा.

"चहाची गाळणी हाय का हो ही?" एकाने विचारलं. सगळे हसले. दत्ताही हसला.

फोटो तेव्हाचा.

संध्याकाळी प्राचार्य म्हणाले, "धुऊन घ्या की. त्यात काय एवढं?"

धुतलं की थर जातो. चाचणीचा नंबर दुसऱ्याला गेला.

दत्ता पुन्हा पहिल्यापासून लागला. माझ्याजवळ एकदाच म्हणाला, "शिव्या दिल्या असत्या तर भांडलो असतो रे. शालीला काय म्हणावं?"

यंदा पुन्हा नंबर लागला होता. तो गेला तेव्हा नवी बॅच पाण्यात होती.

आणि कॉलेजने त्याच्या सन्मानार्थ सुट्टी दिली. लॅबला कुलूप.

त्याची रिसर्च स्टुडंट वैशाली हिचा फोन आला. "काका, पाणी बदलायचंय. चावी देऊन नाही राहिले."

मी प्राचार्यांच्या घरी गेलो.

"आजच्या दिवशी लॅब उघडली तर लोक काय म्हणतील?" ते म्हणाले. "आपला माणूस गेलाय. दुखवटा हाय."

मी रोज देवापुढे दिवा लावणारा माणूस. सुतक मानतो, दुखवटा मानतो. पण गेलेल्या माणसाचं अर्धं काम नासू देणं हा कुठला दुखवटा, ते मला अजून कळलेलं नाही.

आज कुलूप निघालं. पाणी गढूळ झालेलं. थर कुठे बसलाच नव्हता, कुठे पोपडे धरलेले.

वैशालीने ते सगळं काढून ट्रे धुतला. रडली नाही. म्हणाली, "आजच लागले तर तारीख गाठता येईल काका."

उद्या हॉलमध्ये शोकसभा आहे. हार, भाषणं. नंतर पाहुणे लॅब बघायला येणार आहेत म्हणे.

मी सभेला नसेन. लॅबच्या दारात स्टूल टाकून बसणार आहे. आत वैशाली काम करत असेल.

कुणीही आलं तरी आत सोडणार नाही. पाहुणा असला तरी.

दत्ता, माझा शेवटचा रामराम तिथूनच घे.