चिकटवायचं मला शिकवता?

पंक्चरवाल्याची बायको बॅग भरून बहिणीकडे निघाली, तेव्हाही त्याच्या तोंडात सिगारेट होतीच. ती न काढताच तो म्हणाला, "अगं, जाऊन जाऊन जाशील कुठे?" जन्मात तिने एक झुरका घेतला नव्हता, पण खोकला मात्र तिच्या छातीत. डॉक्टरने बजावलं होतं, धुरापासून लांब राहा. धूर म्हणजे नवरा, हे तिला वेगळं समजावायची गरज नव्हती. "सुटली की बोलवा," एवढं म्हणून ती जिना उतरली.

थोडे दिवस गड्याने ऐट मिरवली. मग घर खायला उठलं. सकाळच्या चहाबरोबर बोलणी नाहीत, तर तो चहा कसला! शेवटी नाक मुठीत धरून तो सिगारेट सोडवायच्या दवाखान्यात गेला. तिथली समुपदेशक बाई त्याच्या मुलीच्या वयाची.

"काका, याआधी कधी सोडली होती?"

"रोज सोडतो. झोपताना."

हसू दाबत तिने औषधाच्या पट्ट्या दिल्या. पट्टीतून थोडं थोडं निकोटिन अंगात जातं, म्हणजे जीव कासावीस होत नाही, हे सांगितलं. तलफ आली की फोन करा म्हणून नंबर दिला. पट्टी कशी लावायची ते सांगायला लागली, तर हा उठलाच. "बाई, उभा जन्म ट्यूबला ठिगळं चिकटवण्यात गेला. चिकटवायचं मला शिकवता?"

दुकानात येऊन त्याने कानशीने दंड खरखरीत घासला. सोल्युशन लावलं, फुंकर मारून सुकवलं, पट्टी ठेवली आणि वरून हातोडीने हलकेच ठोकली. काम चोख! दुपारपर्यंत दंड पेटला, छाती धडधडायला लागली आणि गिऱ्हाइकाच्या स्कूटरवरच उलटी झाली. त्याने घाबरून बाईला फोन लावला आणि पट्टी कशी चिकटवली ते सांगितलं.

"घासून?" बाई किंचाळली.

"न घासता टिकतं का काही?"

"अहो, सोललेल्या कातडीतून औषध भसाभस आत गेलं! आत्ताच्या आत्ता काढा, पाण्याने धुवा आणि इकडे या."

तिथे त्याला तपासलं, मलम लावलं. दंड बरा झाल्यावर नवी पट्टी मिळाली, ती मात्र नीट ऐकून घ्यायच्या अटीवर. कोरड्या, धडधाकट कातडीवर लावायची आणि रोज जागा बदलायची.

"म्हणजे गळती एकीकडे आणि ठिगळ रोज भलतीकडे? असा कारागीर मी दारात उभा केला नसता," तो कुरकुरला. पण सांगितलं तसं केलं. दिवस निभायचा. संध्याकाळचं जेवण झालं की मात्र तलफ मानगुटीवर बसायची. बाई म्हणाली, "संध्याकाळी मी घरी असते, काका. तेव्हा आपल्या माणसाला फोन लावा की."

आपलं माणूस बहिणीकडे. त्याने लाज गिळली आणि नंबर फिरवला.

"काय आहे?" बायको खेकसली.

"तलफ आलीय."

"मग मी काय करू, नाचू?" असं म्हणून तिने त्याचे पिवळे दात, जळकी मिशी, भोकं पडलेली चादर, सगळं सगळं बाहेर काढलं. तिचं बोलून संपेपर्यंत तलफ पळाली होती! मग रोज फोन. मेहुणी वैतागली. "यांना तलफ आली की घंटा माझ्या घरात का वाजते?"

आणि एक दिवस शेजारच्या गॅरेजवाल्याने सिगारेट पुढे केली, याने ओढली. कुठल्या तोंडाने फोन करणार? त्या संध्याकाळी केलाच नाही.

सकाळी शटर वर केलं, तर समोर बायको, हातात बॅग.

"काल ओढलीत ना?"

"कोणी सांगितलं?"

"फोन आला नाही."

"एकच गं." गडी खरंच रडकुंडीला आला होता. "आता परत जाणार?"

"लांबून कधी कुणाचं पंक्चर काढलंय का तुम्ही?" तिने बॅग टायरवर आपटली. "घरात वास आला तर मात्र पुन्हा तोंड बघायची नाही. पट्टी कुठाय? हात करा पुढे."

दुसऱ्या दंडावर, कोऱ्या जागी तिने पट्टी लावली. सवयीने त्याचा हात हातोडीकडे गेला.

"खबरदार!" असं म्हणून तिने पट्टीवर आपला तळहात दाबून धरला, आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.