लाल टिपका

धक्क्याजवळच्या जिन्याखाली रीळकाकांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि गिऱ्हाइकाने उभं राहण्यापुरती फरशी. गळाने मासे धरणारे झाडून सगळे रिळाचा ड्रॅग लावून घ्यायला तिथेच यायचे. ड्रॅग म्हणजे रिळाचा ब्रेक. मासा जोरात ओढायला लागला की या ब्रेकने थोडा थोडा दोरा सोडायचा. फार ढिला असला तर मासा दोरा घेऊन पसार, फार घट्ट असला तर दोरा तटकन तुटणार.

दोऱ्याला वजनाचा काटा लावून ताण मोजणारे दिसले की काका नाक मुरडायचे. "भाजी जोखताय का?" स्वतः ते दोरा दोन बोटांतून ओढायचे, ड्रॅगची चकती किंचित फिरवायचे, पुन्हा ओढायचे, की झालं काम. मग बायकोच्या नेलपॉलिशचा एक लाल टिपका द्यायचे, अर्धा चकतीवर, अर्धा रिळावर. कोणी उगाच चकती फिरवली तर टिपक्याचे दोन तुकडे व्हायचे. "दोरा तुटला, तुमचीच चूक" म्हणत भांडायला आलेले कितीतरी बहाद्दर काकांनी तो टिपका दाखवून गप्प केले होते.

वर्षभरापूर्वी साखरेच्या आजाराने काकांची बोटं बधिर व्हायला लागली. आधी टोकं, मग पेरं. बाहेर त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. पण कढत कप धरूनही ते गप्पच बसले, तेव्हा बायकोला कळलं. "आता काटा आणा," ती म्हणाली. काकांनी तिच्यावरच डोळे वटारले. आणला, पण खणात दडवून ठेवला. काट्याने काय, कोणीही घरबसल्या लावेल. मग रीळकाका कशाला हवेत? अंदाजाने भागतंय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. हल्ली दोरा चार-चारदा ओढून बघायचे, तो भाग वेगळा.

एका सकाळी निवृत्त पोस्टमन आले. काकांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. धक्क्याच्या टोकाचा एक दांडगा मासा त्यांना दोन वर्षं झुलवत होता. त्यांनी रीळ टेबलावर ठेवलं. दोरा तुटलेला होता.

"लागला होता हो. डोकं दिसलं पाण्यावर. आणि एका हिसक्यात गेला."

"ड्रॅग?" काकांनी रिळाकडे न बघताच विचारलं.

"माझंच चुकलं. घाईघाईत मीच चकती आवळली. तुम्ही इतकं बजावलं होतं, तरी हात गेला."

काकांच्या जिवात जीव आला. "घसा फोडून सांगतो मी, हात लावू नका म्हणून!" आवाजात जुना ताठा परतला. त्यांनी रीळ उचलून उजेडात धरलं.

टिपका जसाच्या तसा होता.

पोस्टमन खाली मान घालून चपलेने फरशी घासत होते. खोटं बोलायची सवय नव्हती बिचाऱ्यांना, टिपक्याचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. काकांनी अंगठ्याच्या नखाने टिपका खरवडून टाकला.

"फिरलीय खरी," ते म्हणाले. "पुन्हा असं करू नका."

"नाही करणार. रीळ राहू दे तुमच्याकडेच, घाई नाही. यापुढे मी जरा कमीच जाणार आहे."

ते गेल्यावर काकांनी काटा काढून दोऱ्याला अडकवला. दोरा आठ किलोला तुटणारा, ड्रॅग अडीचला सुटायला हवा होता. तो सातला सुटला. त्यांनी पुन्हा बघितलं, पुन्हा सातच. मग दोरा बोटांतून ओढला. बोटं म्हणाली, अगदी बरोबर लागलाय.

दुपारी घरी जाऊन त्यांनी नेलपॉलिशची बाटली बायकोपुढे ठेवली. "ही घे तुझी. मला आता लागणार नाही."

शेजारी बसून तिने त्यांची बोटं आपल्या हातात घेतली. काकांना ते दिसलं, म्हणून कळलं.