पेटीखालची रेघ

ग्रोनिंगेन शहरातल्या कालव्याकाठी आमचा छोटा कारखाना आहे. पुढे लाकडी पेटी जोडलेल्या सायकली आम्ही बनवतो. आईबाप पेटीत पोरांना बसवून शाळेत सोडतात आणि येताना तिच्यातच बटाटे-दूध घालून घरी येतात. मी मागे सांगाडे जुळवतो. वीत्स्के पुढच्या खोलीत बसते. आधी ती तक्रारींचे फोन घ्यायची. मग आमचा मालक हार्मन याच्या डोक्यात आलं की गिऱ्हाइकांसाठी इंटरनेटवर एक ग्रुप काढायचा. ते काम वीत्स्केच्या गळ्यात पडलं.

सुरुवातीला तिथं एकटी वीत्स्केच बोलायची. पावसात पेटीवरचं कापड कोण कसं बांधतं, असं ती विचारायची आणि दिवसभर उत्तर यायचं नाही. शेवटी तिनं जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावले. मला आत्ता सांगितलंत ना, तेच तिथं लिहा, म्हणून गळ घातली. कुणी काही विचारलं की त्याच दिवशी उत्तर द्यायचं आणि खाली स्वतःचं नाव घालायचं, हा तिचा शिरस्ता. हळूहळू लोक तिच्याआधीच एकमेकांना उत्तरं द्यायला लागले. द्राख्तेनचा गोसे नावाचा निवृत्त मास्तर तर गिअरचा प्रश्न दिसला की धावूनच यायचा. बायका पोरांचे लहान झालेले रेनकोट एकमेकींना देऊ लागल्या. उन्हाळ्यात सगळे पेट्यांत पोरं घालून तळ्याकाठी जमले, तेव्हा हार्मन भलताच खूश झाला. म्हणाला, आता इथं सवलतींच्या जाहिराती टाकू या.

वीत्स्के म्हणाली, "तो त्यांचा कट्टा आहे, हार्मन. आपण तिथं पाहुणे. गप्पांमध्ये विकायला बसलास तर उठून जातील सगळे."

तिनं तो हट्ट सोडला नाही, पण जिवाला घोर लावून घेतला. ग्रुपवर भांडण झालं तर तिला चालायचं. शांतता पसरली की ती बेचैन व्हायची. सँडविच खातानाही फोन ताटाशेजारी असायचा. अगं, लोकांना कामं असतात, असं मी म्हणालो की ती मान डोलवायची आणि पुन्हा फोनकडे बघायची.

मार्च महिन्यातल्या एका ओल्या सकाळी ती मागं माझ्याकडे आली. चेहरा उतरलेला. झ्वोलच्या मार्लूस नावाच्या बाईनं ग्रुपवर फोटो टाकला होता. पेटीखाली, जिथं पुढची नळी सांगाड्याला जोडलेली असते तिथं, केसाएवढी रेघ दिसत होती. ही रंगाची रेघ आहे की दुसरं काही, एवढंच तिनं विचारलं होतं. गोसेनं लगेच उत्तर दिलं होतं, रंग उडालाय, काळजी नको.

"तडा आहे का?" वीत्स्केनं विचारलं.

फोटोवरून सांगता येत नाही, मी म्हणालो. पण ती नळी तुटली तर पेटी जमिनीला टेकणार, आणि पेटीत पोरं असतात, हे तिला सांगायची गरज नव्हती.

हार्मननं फोटो पाहिला आणि तो आधी काढून टाक म्हणाला. सायकल इथं आणू, तपासू, मग बोलू. वसंतातल्या ऑर्डरी तोंडावर होत्या आणि एका फोटोवरून अकरा माणसांचा कारखाना बुडवायची त्याची तयारी नव्हती. त्याचं म्हणणं अगदीच चूक होतं असं मला वाटलं नाही. वीत्स्केनं फोटो काढून टाकला.

जेवणाच्या वेळेला मार्लूसचा निरोप आला, फक्त वीत्स्केला. तिनं तो मला वाचायला दिला. "माझा फोटो दिसत नाही. माझ्याकडून काही चुकलं का? दुपारी मुलींना आणायला हीच सायकल न्यायची आहे, म्हणून विचारते."

वीत्स्केनं तिला तिथल्या तिथे फोन करून सायकल वापरू नका म्हणून सांगितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. शाळा सुटायला फार वेळ नव्हता, आणि बाकीच्या सगळ्या पेट्या रस्त्यावर येणार होत्या. ती हार्मनच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं.

"फोटो परत टाकतेय. कळेपर्यंत पेटीत पोरं बसवू नका, असंही लिहितेय. तुला आधी सांगावं म्हणून आले."

"आणि रंगच निघाला तर?"

"तर लोक मला हसतील."

"तुला नाही गं. मला हसतील. आणि मग दुसरीकडे जातील."

ती आपल्या जागेकडे वळली. तो तिला थांब म्हणाला नाही. तिनं लिहिलं की फोटो आपणच काढून टाकला होता आणि ते चुकलं; बॅटरी घेऊन पेटीखाली बघा, दिसेल ते इथं टाका, बरं-वाईट दोन्ही.

मग आम्ही वाट पाहत बसलो. फोटो यायला लागले. स्वच्छ नळी, स्वच्छ नळी, चिखलानं माखलेली नळी, पुसून पुन्हा काढलेली तीच नळी. प्रत्येक फोटो ती बोटांनी मोठा करून बघायची. माझ्या हातातला पाना तसाच राहिला होता. मग गोसेचा फोटो आला. त्याच जागी रेघ, आणि ही रुंद होती, आतलं लोखंड दिसत होतं. खाली त्यानं लिहिलं होतं, "सकाळी मी रंग म्हणालो होतो. काल नातीला यातूनच पोहायला नेलं."

त्यानंतर ग्रुप पेटला. तुम्हाला माहीत होतं, फोटो दडवलात, पोरांच्या जिवाशी खेळलात. वीत्स्के एकेकाला उत्तर देत होती, खाली स्वतःचं नाव घालून. काही लोक न बोलता निघून गेले. ते तिला जास्त लागलं. हार्मन बराच वेळ दारात उभा होता. मग खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला.

"यांना काय सांगू मी?"

"माहीत आहे ते सांग. माहीत नाही तेही सांग."

त्यानं लिहिलं. कच्चं, अडखळत, पण स्वतः लिहिलं.

बाहेरून जोडून आणलेल्या नळ्यांचा एक गठ्ठाच खराब निघाला. त्या नळ्या लावलेल्या सगळ्या सायकली आम्ही परत बोलावल्या. ज्यांच्याकडे व्हॅन होती त्यांनी शेजारच्या गावातल्या अनोळखी लोकांच्या सायकलीही भरून आणल्या. हे ग्रुपवर त्यांनीच आपापसात ठरवलं. कुणाच्या पोराला खरचटलंसुद्धा नाही. पण त्या वसंतात ऑर्डरी आल्या नाहीत. चार जणांना जावं लागलं, माझे दिवस कमी झाले, आणि कारखान्याचा मागचा भाग आता एक सुतार वापरतो.

ग्रुप चालू आहे. पूर्वीइतका हसरा नाही. कुणी साधा ओरखडा दाखवला तरी वीत्स्के आधी फोन करते, मग लिहिते. गोसे आता उत्तराच्या शेवटी 'माझा अंदाज आहे' असं जोडतो. मार्लूसला नवा सांगाडा दिला. तिनं आभार मानले आणि महिन्याभरात सायकल विकली. तिचं नाव मात्र अजून ग्रुपमध्ये आहे. ती काही लिहीत नाही. ती वाचते की नाही, हे वीत्स्के अधूनमधून वाचणाऱ्यांची यादी उघडून बघते.