हनीफचाचाला पाठ असलेलं गाव

लातूरच्या ट्यूशनच्या गल्लीत ज्याच्या हातात पुस्तक नाही, तो माणूस एक तर मालक असतो नाही तर आजारी. तिथं चहाच्या टपरीवर हृदयाची आकृती लावलेली असते आणि सलूनच्या आरशावर रसायनशास्त्राचा तक्ता. अशा गल्लीत पाण्याचे जार पोचवणाऱ्या हनीफनं शिकायचं मनावर घेतलं, तर हसण्यासारखं काय होतं? पण सगळे हसले, कारण पाणी विकणारा हा गडी मोबाइलवरून, एका विद्यापीठाच्या ऑनलाइन पदविकेला, पाणी अडवायला शिकत होता.

"पानी अडवून ठिवलास तर इकायचं काय?" जारच्या कारखान्याचा मालक व्यंकटी म्हणायचा. "माझ्या पोटावर उठलास व्हय रे?"

हनीफ नुसता पोट हलवून हसायचा. पोट मोठं होतं, त्यामुळे हसणंही मोठं दिसायचं. तीनचाकीच्या हँडलला रबरानं मोबाइल बांधलेला, त्यातून पुण्याचे सर मातीची धूप समजावून सांगत, आणि हा सिग्नल तोडत निघालेला. खांद्यावर जार घेऊन मुलींच्या होस्टेलचे जिने चढताना तो पाणी अडवायच्या धड्यातलं "माथा ते पायथा, माथा ते पायथा" पुटपुटायचा. मुलींना बरेच दिवस वाटत होतं, चाचा काही तरी दुवा म्हणतात.

या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी होती त्याची अम्मी, कमरुन्निसा. ती हत्तरवाडीत एकटी राहायची. भूकंपात ओढ्याकाठची जुनी हत्तरवाडी बसली आणि सरकारनं टेकडीपल्याडच्या माळावर नवी उभी केली. चौकटीच्या वहीवर आखावीत तशी सरळ घरं दिली. रस्ते दिले, शाळा दिली. पाणी तेवढं द्यायचं राहिलं. हनीफ तेव्हा अकरा वर्षांचा. भिंतीखाली पाय मोडला, सोलापूरच्या दवाखान्यात महिनोन्‌महिने पडून राहिला आणि तिथून थेट लातूरला मामूकडे आला. अब्बा आणि धाकटी बहीण त्या रात्रीच गेले होते. अम्मी सरकारी घर सोडायला तयार नव्हती. उन्हाळ्यात दुखरे गुडघे धरून टँकरच्या रांगेत उभी राहायची, आणि तिचा मुलगा इकडे परक्या पोरींना चौथ्या मजल्यावर पाणी नेऊन देत होता. तिच्या दारात पाणी आणायचं, एवढंच त्याला करायचं होतं. तिला मात्र यातलं काही सांगितलं नव्हतं. भरलेलं पाणीच दाखवायचं, असा बेत.

त्याची गुरू होस्टेलातली प्रियदर्शनी, हदगावची. तिसऱ्यांदा नीटला बसलेली, त्यामुळे अनुभव दांडगा. शेवटी प्रकल्प आला, स्वतःच्या गावाचा पाणलोट आराखडा. तेव्हा तिनं गुरुमंत्र दिला, "चाचा, डोकं लावायचं नाही. जे पाठ आहे तेच उतरवायचं. लातुरात एवढ्यावर डॉक्टर होतात."

हनीफला एकच गाव पाठ होतं. त्यानं ते उतरवलं. ओढ्याचं वळण, धुण्याचा दगड, मशिदीमागचा उतार, पावसाळ्यात कुठं गुडघाभर पाणी आणि कुठं कंबरभर, सगळं अगदी भूकंपाच्या आदल्या संध्याकाळपर्यंतचं. नव्या गावात तो ईदेला जायचा, शिरखुर्मा खाऊन परत यायचा. तिथले उतार त्याला कुणी विचारलेच नव्हते.

मार्क भरभरून पडले. तपासणाऱ्याला गाव उभं आहे की पडलेलं, याच्याशी काय करायचंय? उतार बरोबर होते. एका ट्यूशनवाल्यानं तर हनीफचा फोटो 'आमचा यशस्वी विद्यार्थी' म्हणून फ्लेक्सवर चढवला. हनीफ त्या क्लासात गेला होता, फक्त जार घेऊन.

मग एका ट्रस्टनं त्या आराखड्यावरून बंधारा मंजूर केला. सरपंच गुरुपादप्पानं पेढे वाटून संमती दिली. त्याचा ऊस जुन्या ओढ्याच्या काठालाच होता. हनीफ मोबाइलवर खोदणाऱ्या मशीनचे फोटो बघत राहिला. बंधारा भरला की गावच्या विहिरी भरतात, हे त्याच्या पुस्तकात होतं. गाव उठून टेकडीपल्याड जाऊन बसलंय, हे पुस्तकात नव्हतं.

पाऊस झाला, बंधारा काठोकाठ भरला. हनीफ अम्मीला तीनचाकीत बसवून, कुठं चाललोय ते न सांगता घेऊन गेला. गुरुपादप्पा हार घेऊन उभाच होता.

"अप्पा, आता नव्या गावात बोअरला पानी कधी लागंल?"

"नव्या गावात? ते टेकडीच्या पल्याड हाय की. तिकडं थेंब यायचा न्हाई."

"मग आधी का न्हाई बोललात?"

"तू शिकलेला मानूस, मी ऊसवाला," हार त्याच्या गळ्यात घालत अप्पा म्हणाला. "म्या तुला काय सांगावं?"

अम्मी गाडीतून उतरलीच नव्हती. पाण्यात कंबरेपर्यंत बुडालेल्या लिंबाकडे बघत होती.

"क्या देख रै, अम्मी?"

"उस नीम के नीचे तेरे अब्बा हैं. और मुन्नी."

"कबरस्तान तो मस्जिद के पीछे था."

"उस दिन वहाँ तक रस्ता कां था? मिले वहींच दफनाए. तू दवाखाने में था. बाद में मैंच तेरे कू इधर आने नै दी."

गुरुपादप्पा खाकरला. "झाडाला मात्र हात लावू दिला न्हाई मशीनवाल्याला. मी सोता उभा होतो."

हनीफच्या गळ्यातल्या हारावर माश्या बसल्या.

"दीवार के नीचे से पानी मांगते रै वो," अम्मी म्हणाली. "मेरा हात पोचा नै."

पुढच्या उन्हाळ्यात टँकर त्याच बंधाऱ्यावर भरू लागला. टँकर गुरुपादप्पाच्या जावयाचा. माणसं मोठ्या मनाची, "हनीफच्या अम्मीला पहिली घागर" म्हणून रांग थांबवतात. ती दार लावून घेते. हनीफ दर जुम्म्याला लातूरहून व्यंकटीचे जार आणतो, तेवढं पिते.

एकदा जार संपला म्हणून शेजारणीनं टँकरचं तांब्याभर पाणी आणून दिलं. अम्मीनं तांब्या उंबऱ्याबाहेर, टेकडीपल्याडच्या लिंबाच्या दिशेला ठेवला.

"वो उनका है," म्हणाली.