कोरडे पाय

आमगावात उन्हाळी धानाच्या दिवसांत व्होल्टेज उतरलं की शेतावरच्या मोटरी जळतात आणि सगळ्या एकाच मोटर-मिस्त्रीच्या दुकानात येऊन पडतात. त्याच्याकडे वही आहे. आलेली मोटर तो वहीत नीट लिहून घेतो, मग वही मिटून तिच्यावर चहाचा कप ठेवतो. पुढची मोटर कोणाची उघडायची, हे तो समोर उभ्या असलेल्यांचे पाय पाहून ठरवतो. पायांना ओला चिखल असेल, तर त्या माणसाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, अजून पाणी आहे, तो थांबू शकतो. पाय धुळीने पांढरे दिसले की पाना त्याच्या मोटरीकडे वळतो. बोलण्यावर त्याचा विश्वास नाही. "इथं आला का सबका धान मरतेच," एवढंच म्हणतो.

मी गावातला शाळामास्तर, पण शेतीही करतो; माझी मोटर पाच दिवस तशीच पडून होती. खरं तर माझ्या बांधीत घोट्याएवढं पाणी होतं, पण मला साळ्याच्या लग्नाला जायची घाई होती. म्हणून दुकानाआधीच्या हातपंपावर मी पायांचा चिखल घासून काढला आणि तोंड पाडून त्याच्यासमोर उभा राहिलो.

"धान करपून राहिलं," मी म्हणालो.

त्यानं माझे पाय बराच वेळ पाहिले.

"गुरुजी, पाय धुवाले पानी हाय, तं मोटरीची कायची घाई?"

शेजारी पांढऱ्या पायांचा एक माणूस सकाळपासून उभा होता. मिस्त्रीनं त्याची मोटर उघडायला घेतली. मी बाकावर बसलो आणि पाय आत ओढून घेतले.