धाकूचं गाव

म्हातारी माणसं रोज एकाच बाकावर बसली की किस्से साठतातच. माळ्यावर जुनी भांडी साठतात तसे. वापरत कोणी नाही, पण टाकायचं नाव काढलं की भांडण. आमच्या मुलुंडच्या बाकावर तीन म्हातारे: मी, तांबे आणि गायकवाड. मरोळच्या एका कारखान्यात तिघांनी जन्म काढला. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे वळसा घालून बोलायला मला येत नाही. हल्ली आमचे सगळे किस्से एकाच बेटाचे असतात, मॉरिशसचे. गायकवाडची मुलगी टूर कंपनीत आहे. तिने आम्हा तिघांना तिकडे पाठवलं. तिघांच्याही सुनांनी फार आनंदाने बॅगा भरून दिल्या.

* * *

विमानतळावर गाइड उभा होता. निलेश धाकू, चाळिशीचा, अंगात फुलाफुलांचा शर्ट. "नमस्कार. तुमी बरे हाय?" मराठी येतं म्हणून कंपनीने आम्हाला हाच दिला होता. त्याचं मराठी आजीच्या ट्रंकेतून काढलेल्या लुगड्यासारखं होतं. अस्सल, पण घड्या पडलेलं.

तांबे मालवणकडचा. मराठी माणूस भेटला की आपल्या तोंडून जो प्रश्न सुटतो तोच त्याच्या तोंडून सुटला. "गाव खंयचा रे तुझा?"

निलेश बॅग उचलता उचलता थांबला. "काका, ते मीच तुमाला इचारणार होतो."

त्याचा पणजोबा धाकू. उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून बोटीने आला. नावाचंच आडनाव झालं. मूळ गाव कोकणात एवढं घरात माहीत, पण कोकणात कुठे ते सांगणारी माणसं संपली. निलेशचा बाप ऐंशीच्या पुढचा. निलेश कामावरून घरी गेला की म्हातारा रोज विचारतो, "आज आपल्या गावचा कोण आला?"

"मग तू काय सांगतोस?" मी विचारलं.

"आज नाय, म्हणून सांगतो."

* * *

तिथे कुठेही गाडी वळवा, दोन्ही बाजूंना ऊस. आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग, घराएवढे. मला वाटलं देवळं पडली असतील.

"नाय काका. जमीन सगळी दगडाची होती. ऊस लावायच्या आधी आमच्या माणसांनी हातांनी दगड येचले. तेच हे."

गायकवाड गाडीतून उतरला. ढिगाखाली एक दगड घरंगळून पडला होता, तो त्याने उचलला आणि परत वर ठेवला.

"काय करतोस रे? सरकारी नोकरी लागली का तुला इथे?" मी ओरडलो.

"माझा बाप रस्त्यावर खडी फोडायचा," गायकवाड म्हणाला. "एवढा ढीग व्हायला किती वेळ लागतो, ते मला माहीत आहे."

गाडी पुढे निघाली. तांब्याने चिवड्याची पिशवीसुद्धा उघडली नाही.

* * *

एका मोठ्या बागेत निलेशने एक माड दाखवला. माड कसला, राक्षस. म्हणाला, हे झाड सगळ्या जन्मात एकदाच फुलतं, मग मरतं.

मी म्हणालो, "मग न फुललेलं काय वाईट?"

"म्हणून हा अजून जिवंत," गायकवाड माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "ह्याला कळीसुद्धा आली नाही."

त्याच बागेत मोठी मोठी कासवं होती. निलेशने एकाची मान खाजवली तर त्याने डोळे मिटून मान लांब केली. निलेश म्हणाला, यातली काही शंभरी ओलांडलेली आहेत. तांबे खाली बसून त्या कासवाच्या तोंडाकडे बघतच राहिला.

"काय बघतोस?"

"ह्याने धाकूला बघितलं असेल रे."

मी म्हणालो, "मग विचार ना गाव." तांबे हसला नाही. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

* * *

शेवटच्या आदल्या दिवशी निलेशने दुपारी घरी जेवायला नेलं. दारात समुद्रापर्यंत सुरूची झाडं, आपल्या गोराईला आहेत तशीच. ताटात डाळपुरी. म्हातारा खुर्चीत बसलेला, डोक्यावर पांढरी टोपी. त्याला मराठीचे मोजके शब्द येत होते, ते तो जपून वापरत होता. प्रत्येकाकडे बघून एकच विचारायचा, "गाव?"

गायकवाडने साताऱ्याकडचं सांगितलं, मी जुन्नरकडचं. म्हातारा मान हलवायचा.

तांब्याची पाळी आली. तांब्याने आपल्या गावाचं नाव सांगितलं, थांबला, आणि म्हणाला, "धाकू आमच्याच वाडीतला. आमच्याकडून एक धाकू गेला होता बोटीने. घरात सांगतात."

साफ खोटं. चाळीस वर्षं एका मशीनवर काढली, कधी धाकूचं नाव ऐकलं नव्हतं.

म्हाताऱ्याने त्याचा उजवा हात धरला तो सोडलाच नाही. तांबे सगळं जेवण डाव्या हाताने जेवला.

* * *

हॉटेलवर मी तांब्याला खूप बोललो. "मरायला टेकलेल्या माणसाला फसवतोस? उद्या खरं कळलं तर?" तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निलेशला गाठून सरळ सांगून टाकलं. "तांबे खोटं बोलला. तुमच्या धाकूचं त्याला काहीही माहीत नाही."

निलेश गाडीची काच पुसत होता, पुसतच राहिला. "ठावं हाय काका. पैल्या ग्रुपने आमाला राजापूर दिलं. मग एकाने गुहागर दिलं. कुडाळ पण मिळालं हाय. मी बाबाला त्यातलं एक पण सांगितलं नाय."

"का?"

"देणारे दुसऱ्या दिशी इसरले. तांबेकाकांचा आज पहाटेच फोन आला. म्हणतात, बाबाला गावी कधी आणतो?"

मी मनात म्हटलं, लागली वाट.

* * *

यंदा बापलेक दोघे खरंच मुंबईला आले. तीन दिवस आम्ही त्यांचे गाइड. गोराईची खाडी दाखवली. बोटीत निलेश म्हणाला, "मुंबई पण बेटच ना काका?"

"होतं," मी म्हणालो. "आता आजूबाजूचं पाणी शोधायला गाइड लागतो."

म्हाताऱ्याला कोकणापर्यंतचा प्रवास डॉक्टरने मना केला. मग तांब्याने ठरवलं, माणूस गावाला जात नाही तर गाव माणसाकडे आणू. त्याच्या गावच्या मुंबईकरांचं मंडळ आहे, घाटकोपरला खोली आहे. तांब्याने तिथे जाऊन सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. मला वाटलं, हाकलून देतील. एकाने फक्त विचारलं, "जेवायला माणसं किती?"

रविवारी खोली भरली. मी आदल्या दिवसापर्यंत म्हणत होतो, देवासमोर तरी खोटं बोलू नका. कोणी ऐकलं नाही. त्यांच्यात गाऱ्हाणं घालतात. एक जण सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने सांगतो आणि बाकीचे होकार देतात. मंडळाचा म्हातारा गावकर, म्हणजे गावचा मानकरी, ग्रामदेवाच्या फोटोपुढे उभा राहिला. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू दर्यापलीकडे गेला होता, ता आज परत इला. काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल, नि पदरात घे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळी खोली म्हणाली. माझ्याही तोंडून गेलं. गायकवाड देव मानत नाही, हात जोडत नाही. तो धाकूंच्या म्हाताऱ्याला दंडाला धरून उभा होता.

तांब्याची आते कोपऱ्यात चटईवर बसली होती. नव्वदीची, ठार बहिरी. तिला यातलं काहीच कोणी सांगितलं नव्हतं. ती उठली, म्हाताऱ्याच्या तोंडाशी तोंड नेऊन त्याला नीट न्याहाळलं, आणि रागाने म्हणाली, "इतकी वर्सां खंय होतंस रे?"

तांब्याने मान खाली घातली. निलेश बापाच्या कानाशी काही सांगायला वाकला, पण म्हाताऱ्याने त्याला हाताने थांबवलं. हात तसाच वर ठेवून तो आतेला म्हणाला,

"उसात."

आतेला ऐकू गेलं की नाही, देव जाणे. तिने चटईवर सरकून जागा केली.

"मगे जेवूक बस."